चाकपट्टी

मतदारयादीतून कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं बोलावणं आलं की काय सांगायचं, हे बारा महिने घरगाडीत राहणाऱ्या लोकांना एकमेकांकडूनच कळतं. आजारपण सांगायचं नाही, डॉक्टरचा दाखला मागतात. पैशाची अडचण सांगायची नाही, प्रवासखर्च देऊ म्हणतात. सरळ म्हणायचं, आम्ही तिथे राहत नाही, आमचं टपाल तेवढं तिथे येतं. कोर्टातला कारकून सुस्कारा टाकतो, नाव कमी करतो, आणि आपण ॲरिझोनाच्या उन्हात खुर्ची टाकून बसायला मोकळे.

नोरीन हॅगस्ट्रॉमनेही काही वर्षांपूर्वी हेच वाक्य फोनवर म्हटलं होतं. शेजारच्या गाडीतल्या लूसीलने ते तिला शिकवलं होतं. फोन ठेवल्यावर दोघी हसल्या होत्या आणि नोरीनचा नवरा व्हर्जिल गाडीच्या पोटाखालून म्हणाला होता, "खोटं काय आहे त्यात?"

खरोखरच त्यात खोटं काही नव्हतं. ओहायोतलं घर विकून दोघांनी घरगाडी घेतली तेव्हा कळलं, की माणूस बेघर राहू शकतो पण बिनपत्त्याचा राहू शकत नाही. लायसन्सला पत्ता लागतो, विम्याला लागतो, मताला लागतो. मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. डकोटाच्या माळरानावर टेंब्री काउंटी नावाचा छोटा जिल्हा आहे, तिथलं मार्लो हे गाव. गुरांच्या खाद्याच्या दुकानामागे एका खोलीत भिंतभर टपालाच्या डब्या आहेत. त्यातली एक भाड्याने घ्यायची, गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढायची, त्याची पावती दाखवायची, की माणूस डकोटाचा झाला. इथे राज्याचा आयकर नाही, गाडीची नोंदणी स्वस्त. मार्लोत हाडामांसाची जितकी माणसं होती, जवळपास तितकीच त्या भिंतीत राहत होती. गावातले लोक त्यांना डबीकर म्हणत.

डबीकरांची मतं दर निवडणुकीला टपालाने येत. कोणी टेक्सासातून पाठवी, कोणी ओरेगॉनच्या किनाऱ्यावरून. राष्ट्राध्यक्ष कोणीही होवो, गावाला त्याचं काही नव्हतं. गावाला डाचायची ती चाकपट्टी. घराला घरपट्टी, तशी इथे गाडीच्या दर चाकामागे पट्टी असते. गेल्या खेपेला काउंटीने ती वाढवून तो पैसा गावच्या छोट्या दवाखान्याला द्यायचं ठरवलं आणि लोकांचा कौल मागितला. घरगाडीला सहा चाकं, मागे ओढत नेलेल्या मोटारीला चार. नोरीनने युमाच्या वाळवंटात बसून 'नाही'वर खूण केली आणि पाकीट चिकटवलं. ज्या दवाखान्याचं दार कधी पाहिलं नाही त्याला चाकामागे पैसे मोजायचे कशाला, असं ती म्हणाली होती, आणि ते म्हणणं इतकं रास्त वाटत होतं की लूसीलने ते फोनवरून सगळ्यांना ऐकवलं. कौल विरोधात गेला.

त्यानंतरच्या वर्षी व्हर्जिलची मूत्रपिंडं गेली.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला त्यांनी ते चाकांवर बसवून पाहिलं. पुढच्या गावातल्या केंद्रात आधीच खुर्ची राखून ठेवायची, तिथवर जायचं, मग त्याच्या पुढच्या गावाची. तसं करणारे लोक आहेत. पण न्यू मेक्सिकोत एका केंद्राने ऐन वेळी मशीन बिघडल्याचं सांगितलं, दुसरं केंद्र लांब होतं, आणि वाटेत व्हर्जिलच्या छातीत पाणी भरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत नोरीनने त्याला रस्त्याच्या कडेला बसतं धरून ठेवलं होतं. त्या दिवसानंतर तिने ठरवलं, की एका जागी राहायचं. विम्याचे कागद डकोटाचे होते, आणि मार्लोच्या दवाखान्यात, जुन्या बाळंतिणींच्या वॉर्डात, चार मशीनं होती. घरगाडी गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर, धान्याच्या कोठारांच्या सावलीत, कायमची लागली. नोरीनने गाडीच्या पोटाभोवती थंडी अडवायला पत्रे ठोकून घेतले, नळांना गरम राहणाऱ्या पट्ट्या गुंडाळल्या. आता दुसरा हिवाळा लागत होता.

व्हर्जिल आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत आला होता. तो अधूनमधून इंजिन सुरू करून ठेवी आणि चाकांना हात लावून बघे.

"टायर चालून झिजत नाहीत गं," तो म्हणे. "उभे राहून मरतात."

"मरू देत. नवे घेऊ."

"कशाला? हलायचंच नाही तर?"

"व्हर्जिल, तो विषय झालाय."

"तुझा झालाय."

पण तो पुढे बोलत नसे, आणि न बोलणं म्हणजे पटणं असं नोरीन धरून चाले.

दवाखान्यात त्याला सुई टोचायला जॅनेल असे. ती पिढ्यान्‌पिढ्या मार्लोतली, बुटकी, रुंद खांद्यांची, नर्स. शेजारच्या खुर्चीवर अल्विन डीट्रिच. हा म्हातारा कोठारांवर वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला होता. बायको टेकडीवरच्या दफनभूमीत, मुलगी सिॲटलला, आणि तो स्वतः चालत येता येईल एवढ्या अंतरावर.

"टोचतेय हं, व्हर्जिल."

"टोच. तुला पगार त्याचाच आहे."

"पगार आता कुठला. एक बातमी आहे, बसला असशील तर सांगते."

"मी उठू शकतो का इथून?"

अल्विन डोळे मिटूनच हसला. जॅनेलने नळी चिकटवली आणि मग नोरीनकडे वळली. चाकपट्टीचा कौल पुन्हा घेणार होते. या वेळी विरोधात गेला तर वसंतात मशीनं बंद, हे दवाखान्याने ठरवून टाकलं होतं.

"या वेळी माझं 'हो' आहे," नोरीन म्हणाली.

जॅनेलने हातमोजे काढून टोपलीत टाकले. "नोरीन, तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. डबीकरांची नावं मतदारयादीतून काढा म्हणून मी अर्ज केलाय. सरसकट नाही घेत म्हणाले, पुरावा हवा. मग ज्यांनी ज्युरीच्या वेळी 'आम्ही इथे राहत नाही' असं तोंडाने सांगितलं, त्यांचीच नावं दिली. तुमचंही आहे."

"पण मी इथे राहते. तू रोज बघतेस."

"आता राहता."

"आणि 'हो' म्हणणार आहे."

"मागच्या वेळी काय म्हटलं होतंत?"

नोरीन व्हर्जिलच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली. जॅनेल अल्विनच्या मशीनकडे गेली. जाताना म्हणाली, "सुनावणीला या. सांगा त्यांना. मी आडवी येणार नाही."

सुनावणी काउंटीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. निवडणूक मंडळाचा अध्यक्ष स्कोग नावाचा बियाण्यांचा व्यापारी होता. सभ्य माणूस, आवाज कधी न चढवणारा. त्याने नावं वाचायला सुरुवात केली. एकेक नाव वाचायचा, खोलीकडे बघायचा, आणि कोणी नाही असं पाहून पुढे जायचा. कोण येणार होतं? ज्यांची नावं होती ते दक्षिणेत उन्हाला बसले होते. माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याचं मत काढता येत नाही, असा नियम होता. तेव्हा गैरहजरांची सुनावणी मतदानानंतरच्या तारखेवर गेली, आणि त्यांची मतं जागच्या जागी राहिली.

"नोरीन हॅगस्ट्रॉम," स्कोग म्हणाला, आणि नोरीन उभी राहिली.

यातला विनोद सगळ्यात आधी जॅनेलच्या लक्षात आला. ती पहिल्या रांगेतून म्हणाली, "मि. स्कोग, यांचं नाव मी मागे घेते."

"अर्ज पुकारल्यावर मागे घेता येत नाही, जॅनेल. हे काही भाजीचं दुकान नाही, की वांगी ठेवली नि टोमॅटो घेतले."

"पण याच एकट्या खऱ्या इथे आहेत."

"मग त्यांना तसं सांगू दे." तो नोरीनकडे वळला. "बाई, ज्युरीचं सोडा. तेव्हा तुम्ही जे बोललात ते तेव्हा खरं असेल. कायदा म्हणतो, जिथे माणसाचा कायम राहायचा मनसुबा आहे ते त्याचं घर. आज काय मनसुबा आहे?"

"आम्ही इथे राहतोय. गाडीखाली पत्रे ठोकलेत."

"किती काळ राहणार?"

"नवऱ्याला मशीन लागतं तोवर. म्हणजे त्याच्या आयुष्यभर."

"आणि समजा मशीन बंद झालं?"

मागच्या बाकावर व्हर्जिल गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. नोरीनची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. यंत्राने जो आकडा दाखवला तोच लिहायचा, वरच्या साहेबाला तो आवडो न आवडो. एकदा एका साहेबाने तिला शिसं थोडं कमी लिहायला सांगितलं होतं, आणि तिने लिहिलं नव्हतं. आता 'तरीही इथेच राहू' असं म्हटलं की झालं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. स्कोगलाही तेच उत्तर हवं होतं, हेही दिसत होतं.

"मग जावं लागेल," ती म्हणाली. "जिथे मशीन असेल तिथे."

व्हर्जिलने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तो धीर देतोय असं तिला वाटलं.

"म्हणजे कायम इथेच, असं नाही."

"मशीन असेल तर कायम इथेच."

"अटीवर घर नसतं, बाई."

"या गावातली निम्मी मुलं नोकरीच्या अटीवर बाहेर गेली आहेत. त्यांची नावं यादीत अजून आहेत."

"त्यांची आईबापं इथे आहेत."

"माझा नवरा इथे आहे."

स्कोगने चष्मा काढून पुसला. मंडळातल्या उरलेल्या दोघांशी तो थोडं बोलला. मग त्याने खेद वाटत असल्याचं सांगितलं, आणि तो त्याला खरंच वाटत होता. दाद मागायची सोय होती, पण ती मतदानानंतर. ओहायोने नोरीनचं नाव कधीच कमी केलेलं होतं. वाटेतल्या ज्या राज्यांत ती महिनोन्‌महिने राहिली, तिथे ती पाहुणी होती. जन्मल्या देशात आपण मत देऊ शकू असं एकही ठिकाण आता उरलं नाही, हे तिने जिना उतरताना मनात तपासून पाहिलं. हिशेबात चूक नव्हती.

ज्युरीसाठी व्हर्जिलला कधी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव कोणाच्या अर्जात नव्हतं.

"माझं आहे अजून," तो मोटारीत बसताना म्हणाला.

"हो. तुझं तरी आहे."

मग तिने फोन करायला घेतले. घरगाडीतल्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती ओळखीच्या डबीकरांना एकामागून एक फोन लावी. समोर व्हर्जिल पत्ते मांडून एकटाच खेळत असे. ओरेगॉनमधल्या एका माणसाने विचार करतो म्हणून सांगितलं. एका जोडप्याने मतपत्रिका आधीच पाठवली होती, आणि त्यांनी कुठे खूण केली हे विचारायची गरज पडली नाही. लूसीलला तिने शेवटी लावला, कारण तो सोपा जाईल असं वाटत होतं.

"चाकं किती आहेत माझी, माहितेय का तुला?" लूसील म्हणाली. "दहा. नवीन गाडी घेतली मी."

"अगं, व्हर्जिलचं रक्त तिथे धुतात, लूसील. त्या पैशावर."

"मला वाईट वाटतंच गं. पण मग मोठ्या शहरात जा ना. डेन्व्हरला जा. चाकं घेतली कशाला आपण? नाही पटलं की निघायचं."

"तुझं मत इथलं आहे. इथल्या लोकांचा तरी विचार कर."

"तू केला होतास? तूच सांगितलंस ना मला तेव्हा, ज्याचं दार पाहिलं नाही त्याला पैसे कशाला द्यायचे. मी किती जणांना सांगितलं ते, तुझं नाव घेऊन. हुशार बाई आहे म्हटलं."

"ते चुकलं माझं."

"तुझं चुकलं असेल. मी अजून दार पाहिलेलं नाही." मग आवाज मऊ करून लूसील म्हणाली, "रागावू नकोस. व्हर्जिलला आठवण सांग."

"लूसीलने आठवण सांगितलीय," नोरीन फोन ठेवून म्हणाली.

"ऐकलं," व्हर्जिल म्हणाला. त्याने राणीवर गुलाम ठेवला. "देणार आहे का ती 'हो'?"

"नाही."

"शहाणी आहे."

तिला तो टोमणा वाटला, लूसीलला मारलेला.

मतदानाच्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. मतदान चर्चच्या सभागृहात होतं, आणि दाराशी बायकांनी घरी भाजलेले भोपळ्याचे गोड पदार्थ विकायला ठेवले होते. व्हर्जिलची डायलिसिसची पाळीही त्याच दिवशी होती, म्हणून आधी मत, मग दवाखाना असं ठरलं. नोरीन आत गेली नाही. इंजिन चालू ठेवून ती मोटारीत बसली आणि माणसं आत जाताना, बाहेर येताना बघत राहिली. बरेच लोक व्हर्जिलला थांबवून हात मिळवत होते. दीडेक वर्षात ती त्यांच्या पाण्याबद्दल, बर्फाबद्दल, गुडघ्यांबद्दल सगळं जाणून होती. तिला वाटलं, आता या माणसांना काही झालं तर मला वाईट वाटेल, आणि कदाचित मनसुबा म्हणतात तो हाच असेल. सुनावणीत हे सुचलं नव्हतं.

व्हर्जिल आला. कोटावर मत दिल्याचा गोल कागदी बिल्ला चिकटवलेला होता.

"झालं?"

"झालं. गर्दी आहे."

तिने मोटार मागे घेतली. रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "मी 'नाही'वर खूण केली."

"कशाच्या?"

"चाकपट्टीच्या."

काचेवरचा बर्फ पुसणारे दांडे इकडून तिकडे फिरत होते. नोरीनने मोटार कोठारांच्या भिंतीशी थांबवली.

"चुकून?"

"नाही."

"ठिकाणावर आहेस का तू?"

"तूच म्हणालीस. सगळ्यांसमोर, शपथेवर. मशीन बंद झालं तर जाणार." तो समोर बघत बोलत होता. "दीड वर्ष मी विचारतोय, निघू या का. खुर्च्या राखून ठेवू, हळूहळू जाऊ, किनारा बघू. तू 'जाऊ' म्हणालेलं मी तिथे पहिल्यांदा ऐकलं."

"'जावं लागेल' म्हणाले मी. कुठल्या तरी शहरात. वाहनतळावर. किनाऱ्याला नाही."

"इथून हललो तर मी पुढचं बोलेन तुझ्याशी. इथे तू ऐकतच नाहीस."

"मेलास म्हणजे वाटेत?"

"मेलो तर वाटेत मेलो. बाळंतिणींच्या वॉर्डात नको."

"अल्विनचं काय? त्याच्याकडे ना गाडी, ना घर विकायची ताकद. तो कुठे जाईल?"

त्याने कोटावरचा बिल्ला बोटाने दाबून बसवला. मग म्हणाला, "त्याला त्याचं मत होतं."

"मला विचारायचंस तरी."

"तू विचारलंस? लूसीलला विचारलंस. त्या ओरेगॉनच्या माणसाला विचारलंस, ज्याचं आडनावही तुला धड येत नाही. आणि मी समोर बसलेलो होतो, नोरीन. रोज."

तिने तपासून पाहिलं. ते खरं होतं. नळातून पाणी येणार हे जसं कोणी विचारत नाही, तसं तिने त्याला विचारलं नव्हतं. तिने मोटार पुन्हा सुरू केली, कारण पाळी चुकवून चालणार नव्हतं.

वॉर्डात जॅनेल हात धुऊन तयार होती. अल्विनच्या मशीनचा घरघराट सुरू झालेला होता.

"एक मत तरी नक्की आलं आपल्याकडे," बिल्ला पाहून जॅनेल म्हणाली. "हो ना, व्हर्जिल?"

व्हर्जिल बाही वर करत राहिला. त्याने नोरीनकडे पाहिलं. तो खोटं बोलला नसता, आणि खरं बोलायचं धाडसही त्याला झालं नसतं, कारण सुई जॅनेलच्या हातात होती.

"हो," नोरीन म्हणाली.

चाकपट्टीची वाढ कौलात पडली. एका मताने किंवा दोन मतांनी नाही. दोघांची मतं वाढीच्या बाजूने असती तरी ती पडलीच असती, इतकं भिंतीतल्या माणसांचं वजन होतं. हे आकडे वाचून व्हर्जिलचा चेहरा हलका झाला. नोरीनचा झाला नाही. तिला वाटत होतं, एका मताने पडली असती तर त्याच्यावर रागावायला तरी आलं असतं.

वसंतात मशीनांवर कापडं पडायच्या आठवड्यात व्हर्जिल गाडीखालचे पत्रे काढत होता. तो शीळ घालत होता, आणि मधूनच दम लागून बसत होता. नोरीनने डेन्व्हरच्या केंद्रात खुर्ची मिळवली होती. किनाऱ्याचं अजून बोलणं झालं नव्हतं.

शेवटच्या पाळीला अल्विनने डोळे उघडून विचारलं, "ठरलं का तुमचं कुठे ते?"

"डेन्व्हर. तुमचं?"

"मुलगी म्हणते सिॲटलला ये. तिच्या तिसऱ्या मजल्यावर." त्याने मोकळ्या हाताने खिडकीकडे बोट दाखवलं. "बायको इथे टेकडीवर आहे. बघू."

जॅनेल पलीकडे खोक्यात नळ्या भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुमचं एक बरं आहे," अल्विन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. "तुम्हाला चाकं आहेत."